आकाशनिरीक्षणाची पुस्तिका: लाटेकमधल्या जुळणीच्या नोंदी

३ जून

मजकूर हाती आला. प्रकरणं, तारकानकाशे, तेजस्वी ताऱ्यांचे तक्ते, तळटीपा आणि शेवटी विषयसूची. पान साडेपाच बाय साडेआठ इंच. जुळणी झीलाटेकमध्ये करायची. (लाटेक म्हणजे आज्ञा लिहून पानं जुळवायची प्रणाली. ती टेक या मूळ कार्यक्रमावर चालते. झीटेक हा टेकचाच नवा अवतार, आणि झीलाटेक म्हणजे त्याच्यावर चालणारं लाटेक.) २०१३ पासून झीटेकमध्ये जोडाक्षरं रचायचं काम हार्फबझ करतं आणि देवनागरीसाठी ते भरवशाचं आहे. लुआलाटेकलाही हार्फबझ वापरता येतं, पण फाँट निवडताना तसं वेगळं सांगावं लागतं.

मुख्य फाँट शोभिका. साधा आणि ठळक एवढी दोनच वजनं त्यात आहेत, हे आत्ताच लिहून ठेवतो, पुढे तिरप्या अक्षरांचा प्रश्न येणारच आहे. फाँटच्या फाइली प्रकल्पाच्या फोल्डरमध्येच ठेवल्या आणि फाँटस्पेकला (फाँट निवडणाऱ्या लाटेकच्या पॅकेजला) थेट मार्ग दिला. संगणकावर बसवलेल्या फाँटच्या नावावर विसंबलं तर दुसऱ्या यंत्रावर वेगळी आवृत्ती उचलली जाते आणि सगळी पानं हलतात. टेक लाइव्हची (या सगळ्या कार्यक्रमांच्या संचाची) आवृत्तीही सगळ्या यंत्रांवर एकाच वर्षाची.

फाँटस्पेकला लिपी देवनागरी आणि भाषा मराठी, दोन्ही सांगायचं. लिपी सांगितली नाही तर जोडाक्षरं मोडतात, ते लगेच दिसतं. भाषा सांगितली नाही तर काही मोडत नाही, पण फाँटमध्ये मराठी वळणाचे ल आणि श असले तरी ते येत नाहीत, आणि हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

(आज्ञांची नावं या नोंदींत उच्चारानुसार लिहिली आहेत.)

५ जून

मांडणीला हात लावण्याआधी मजकूर साफ. पहिल्याच कच्च्या प्रतीत 'ॲन्ड्रोमेडा'च्या सुरुवातीला ठिपक्यांचं वर्तुळ छापलं गेलं. फाँटचा दोष वाटावा असं दृश्य, पण फाँट ठीक आहे. लेखकाच्या फाइलमध्ये काही ठिकाणी हे अक्षर अ आणि त्यावर चंद्र असं दोन संकेतांत टाइप झालेलं आहे. त्यासाठी ०९७२ हा स्वतंत्र संकेत युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला संकेत-क्रमांक देणाऱ्या मानकात) २००८ साली, ५.१ आवृत्तीत आला. अ-वर नुसता चंद्र ठेवलेला दिसला की हार्फबझ ती जोडी अवैध मानतं आणि मध्ये ठिपक्यांचं वर्तुळ घालतं. काही ठिकाणी दोन्हींच्या मध्ये अदृश्य जोडचिन्ह टाकलेलं आहे, तिथे वर्तुळ येत नाही. म्हणजे एकच शब्द तीन प्रकारे टाइप झालेला. सगळीकडे ०९७२ केलं.

दुसरी गोष्ट जास्त घातक, कारण ती कागदावर दिसतच नाही. या पुस्तिकेत 'ताऱ्यांचा', 'ताऱ्यांच्या', 'वाऱ्यामुळे' असे शब्द पानोपानी आहेत. त्यातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: ०९३१ हा नुक्ता असलेला ऱ, मग हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह. छापल्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. पण यंत्राला ते वेगळे शब्द आहेत. शोधायला गेलं तर निम्मे सापडणार, सूचीत एकच नोंद दोनदा येणार. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण (एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या संकेतरूपांचं एक रूप करणं) चालवलं तर र आणि सुटा नुक्ता एकत्र येऊन ऱ होतो, पण जोडचिन्हाचा प्रकार तसाच राहतो. त्यामुळे एक छोटी स्क्रिप्ट लिहिली: आधी सामान्यीकरण, मग र-हलन्त-जोडचिन्ह दिसलं की ऱ-हलन्त. संपादकांकडून दुरुस्त फाइल आली की प्रत्येक वेळी ही स्क्रिप्ट आधी चालवायची, मगच जुळणी.

९ जून

ओळींमधलं अंतर. १२ पॉइंटचं अक्षर, १५ पॉइंटची ओळ असं लावून पाहिलं. पान दुरून बरं दिसतं, पण पट्टी लावली की काही ओळी खाली सरकलेल्या. सरकणं एखाद-दोन पॉइंटचं, तेवढ्याने पानाचा पोत बिघडतो आणि समोरासमोरच्या पानांच्या ओळी एका रेषेत येत नाहीत.

कारण टेकच्या मुळात आहे. दोन ओळींच्या तळरेषांमध्ये बेसलाइनस्किपएवढं अंतर ठेवायचा टेकचा प्रयत्न असतो. पण वरच्या ओळीचा खालचा काठ आणि खालच्या ओळीचा वरचा काठ यांतली मोकळी जागा लाइनस्किपलिमिटपेक्षा कमी भरली, तर टेक तो हिशेब सोडून देतं आणि दोन ओळींमध्ये सरळ लाइनस्किप घालतं. लाटेकमध्ये मर्यादा शून्य आणि लाइनस्किप १ पॉइंट. रोमन लिपीत हा प्रसंग क्वचित येतो. देवनागरीत वरच्या ओळीत 'ध्रुव' किंवा 'कृत्तिका' आणि खालच्या ओळीत 'सूर्योदयापूर्वी' आलं की झालंच. टेक प्रत्येक ओळीची एकच उंची आणि एकच खोली बघतं, त्यामुळे उकार आणि रफार एकमेकांखाली नसले, अगदी ओळीच्या दोन टोकांना असले, तरी ओळ सरकते.

झीटेकमध्ये अक्षरांची खरी उंची-खोली मोजायची की फाँटची सरसकट घ्यायची हे ठरवणारी एक कळ आहे, झीटेक-यूज-ग्लिफ-मेट्रिक्स. मुळात ती चालू असते, म्हणून कोणती ओळ सरकेल हे त्या ओळीतल्या शब्दांवर ठरतं. ती बंद करून पाहिली. सगळ्या ओळींची उंची सारखी झाली खरी, पण आकृतीच्या चौकटीत आणि तक्त्यांत अक्षराभोवती नको तेवढी जागा सुटायला लागली. परत चालू केली.

शेवटी दोन गोष्टी केल्या. ओळ १५ वरून १८ पॉइंटची केली. देवनागरीत शिरोरेषेच्या वर आणि तळाच्या खाली इतकं काही घडत असतं की १२ वर १५ ही कंजुषी आहे, मग टेक काहीही म्हणो. आणि मजकुरापुरता लाइनस्किपलिमिट उणे ४ पॉइंट केला, म्हणजे काठाला काठ लागला तरी ओळ जागची हलणार नाही. खरोखर अक्षरावर अक्षर चढलं तर ते डोळ्यांनी शोधून त्या जागचा शब्द इकडेतिकडे करायचा. १८ पॉइंटला तसं अजून कुठे दिसलेलं नाही.

१० जून

कालच्याचाच पुढचा भाग. मजकुराची उंची १७० मिलिमीटर दिली होती. ते होतात ४८३.७ पॉइंट, कारण टेकच्या इंचात ७२.२७ पॉइंट. पहिल्या ओळीला टॉपस्किप १२, पुढच्या २६ ओळींना १८ प्रमाणे ४६८, मिळून २७ ओळींना ४८० लागतात. उरलेले ३.७ पॉइंट कुठेतरी जिरवायलाच हवेत, कारण बुक क्लास (लाटेकचा पुस्तकासाठीचा साचा) दुतर्फा छपाईत पानाचा तळ एका रेषेत आणतो. परिच्छेदांमधली जागा लाटेकमध्ये शून्य असली तरी १ पॉइंट ताणता येते, मग तिथे फट पडते. आणि पानभर एकच परिच्छेद असेल तर ताणायला काहीच नसतं, तेव्हा लॉगमध्ये (टेकने ठेवलेल्या नोंदीत) अंडरफुल व्हीबॉक्स, म्हणजे पान पुरतं भरलं नाही, बॅडनेस (वाईटपणाचा आकडा) १०००० असा इशारा. असे इशारे लोक शेकड्याने दुर्लक्षून पुढे जातात, पण मूळ कारण एका बेरजेत सापडतं.

उंची ४८० पॉइंट केली. जिऑमेट्री पॅकेजला हाइट-राउंडेड सांगितलं तर हा हिशेब ते स्वतःच करतं. पुढे ओळ बदलली तरी चालावं म्हणून तेच ठेवलं. परिच्छेदांमधली ताण काढून टाकली. इशारे जवळजवळ सगळे गेले, उरलेले शीर्षकं असलेल्या पानांवरचे.

१४ जून

ओळी समासाबाहेर जाण्याचा प्रश्न. सगळ्यात जास्त वेळ याच्यावर जाणार हे माहीत होतं. ड्राफ्ट पर्याय चालू केला की बाहेर गेलेल्या प्रत्येक ओळीच्या टोकाला काळा ठोकळा येतो. पानं चाळताना सापडायला हे लॉगपेक्षा सोपं.

मराठीत हे जास्त का होतं? विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटून येतात. 'तारकासमूहांमधल्यांपैकी' हा एक शब्द आहे. १०४ मिलिमीटर रुंदीच्या ओळीत असा एखादा आला की तिथे मोजके चार-पाच शब्द मावतात आणि जागा जुळवून घ्यायला तीन-चार फटीच उरतात.

आकडे मांडून पाहू. झीटेकमध्ये शब्दांतल्या जागेची ताण जागेच्या निम्मी आणि आक्रस (दाबली जायची मुभा) एक तृतीयांश धरलेली असते. जागा ३ पॉइंट असेल तर ताण दीड पॉइंट. पाच शब्दांच्या ओळीत चार फटी, एकूण ताण ६ पॉइंट. ओळ भरायला १२ पॉइंट हवेत, तर गुणोत्तर २. बॅडनेस म्हणजे गुणोत्तराचा घन गुणिले १००, म्हणजे ८००. लाटेकचा टॉलरन्स, म्हणजे चालवून घ्यायच्या बॅडनेसची मर्यादा, २००. अशी ओळ टेकला मान्यच नाही, त्यामुळे ते लांब शब्द समासाबाहेर काढून मोकळं होतं. काळा ठोकळा तिथून येतो.

सगळीकडे सांगितला जाणारा उपाय म्हणजे स्लॉपी. तो टॉलरन्स थेट ९९९९ करतो आणि ३ एमचा (एम म्हणजे साधारण अक्षराच्या आकाराएवढी रुंदी) इमर्जन्सीस्ट्रेच, म्हणजे अडचणीपुरती जास्तीची ताण, देतो. ठोकळे जातात, पण इतक्या सढळ टॉलरन्सला वाईट ओळ आणि भयंकर ओळ यांतला फरक टेकला फारसा उरत नाही. देवनागरीत ते सहन होत नाही. शिरोरेषेमुळे प्रत्येक शब्द सलग पट्टी दिसतो, त्यामुळे दोन पट्ट्यांमधली रुंद फट रोमनपेक्षा जास्त डोळ्यांत भरते. अशा चार फटी एकाखाली एक आल्या की पानावर पांढरी वाट तयार होते आणि वाचणाऱ्याची नजर तिच्यातून घसरते.

म्हणून फाँटस्पेकच्या वर्डस्पेसमध्ये ताण १.३ पट केली, टॉलरन्स ४००, इमर्जन्सीस्ट्रेच १ एम. वरच्याच ओळीला आता ताण ७.८ पॉइंट, गुणोत्तर दीडपेक्षा थोडं जास्त, बॅडनेस ३६४ च्या आसपास. मान्य. फट तेवढीच रुंद आहे हे खरं, पण आता टेक तिला शेवटच्या पसंतीचा मार्ग म्हणून तरी विचारात घेतं. इमर्जन्सीस्ट्रेच तिसऱ्या फेरीलाच लागतो: पहिल्या फेरीत शब्द न तोडता प्रयत्न, दुसरीत तोडून, आणि दोन्ही फसले तरच तिसरी. जिथे गरज नाही तिथे त्याचा काहीही परिणाम होत नाही, म्हणून तो द्यायला संकोच नको.

एक गोष्ट संपादकांना समजावून सांगितली. क्नुथ आणि प्लास यांची १९८१ सालच्या लेखात मांडलेली पद्धत ओळीओळीने चालत नाही, सबंध परिच्छेद एकदम तोलते. त्यामुळे शेवटच्या ओळीतला शब्द बदलला की पहिली ओळ वेगळी तुटू शकते. "ही ओळ दुरुस्त करा" असा शेरा आला की परिच्छेदात कुठेही एखादा शब्द बदलायची मुभा मागायची. बहुतेक वेळा एका 'आणि'चा 'व' करून काम होतं, पण तो अधिकार लेखकाचा, जुळणी करणाऱ्याचा नाही.

१५ जून

शब्द तोडणं. शब्द कुठे तोडायचा ते सांगणारे मराठीचे नमुने हायफ-यूटीएफ८ संचात आहेत. ते अक्षराच्या सीमेवर तोडतात. जोडाक्षर फुटत नाही, मात्रा अक्षरापासून सुटत नाही. पण शब्दाची घडण त्यांना कळत नाही. 'तारकासमूहां-मधल्या' चालेल, 'तारकासमू-हांमधल्या' वाचताना अडखळायला होतं. नमुन्यांना दोन्ही सारखेच.

आणखी एक खाच. ओळीच्या शेवटी आणि सुरुवातीला किमान किती ठेवायचं हे लेफ्ट-हायफन-मिन आणि राइट-हायफन-मिन सांगतात, पण ते युनिकोडचे संकेत मोजतात, आपण उच्चारतो ती अक्षरं नाही. 'णी' म्हणजे दोन संकेत, 'च्या' म्हणजे चार. राइट-हायफन-मिन २ ठेवला तर पुढच्या ओळीवर एकटा 'णी' येऊ शकतो. दोन्ही ४ केले. हायफनपेनल्टी (शब्द तोडण्याचा दंड) ५० वरून ३०० केली, म्हणजे इतर मार्ग असेल तर तोडू नये. सतत येणाऱ्या लांब शब्दांची रूपं स्क्रिप्टने काढून अपवादांच्या यादीत घातली, तोडायची जागा प्रत्यय किंवा समासाच्या सांध्यावर. यादीत प्रत्येक रूप वेगळं द्यावं लागतं, 'समूहांमध्ये' दिलं म्हणून 'समूहांमधून' आपोआप येत नाही. शब्दात हाताने ऐच्छिक तोड दिली की झीटेक त्या शब्दात इतरत्र आपणहून तोडत नाही, हेही लक्षात ठेवायचं.

'एम ३१' (ॲन्ड्रोमेडा दीर्घिकेचा क्रमांक) सारख्या नावांत मध्ये न तुटणारी जागा. आकडा एकटा पुढच्या ओळीवर गेला की वाचणारा चुकतो.

२० जून

शीर्षकं. मांडणीच्या आराखड्यात प्रकरणांची नावं अक्षरं विरळ करून दाखवली होती. फाँटस्पेकच्या लेटरस्पेसने देवनागरी विरळ केली की शिरोरेषा तुटते. 'नक्षत्र' तीन तुकड्यांत दिसतं. हे होणार नाही असं कळवलं. त्याऐवजी आकार वाढवला आणि वर-खाली मोकळी जागा दिली. शीर्षक दोन ओळींचं झालं तरी त्याची एकूण जागा १८ च्या पटीत राहील अशी मोजली, नाहीतर १० जूनचं काम वाया.

तिरपी अक्षरं: एम्फ (जोर दाखवायची आज्ञा) दिलं की लॉगमध्ये फाँट शेप अनडिफाइंड आणि मजकूर साधाच छापला जातो. म्हणजे लेखकाने दिलेला जोर गुपचूप नाहीसा. फाँटस्पेक खोटा तिरपेपणा देऊ शकतं, पण शिरोरेषा आडवी आणि उभे दंड कललेले असं ते दिसतं, मला पटत नाही. एम्फची व्याख्या बदलून ठळक केली, आणि जिथे नुसतं नाव वेगळं दाखवायचं होतं तिथे एकेरी अवतरण. मजकुरातली प्रत्येक जागा पाहून कुठे जोर आहे आणि कुठे नाव आहे हे संपादकांनी ठरवून दिलं.

२४ जून

तेजस्वी ताऱ्यांचा तक्ता. यातले आकडे ताऱ्याच्या तेजस्वितेची प्रत, आकडा जितका कमी तितका तारा तेजस्वी. व्याध उणे १.४६, अगस्त्य उणे ०.७४, स्वाती उणे ०.०५, अभिजित ०.०३. दशांशचिन्हं एकाखाली एक हवीत. त्यासाठी एसआययुनिटएक्स या आकडे मांडणाऱ्या पॅकेजचा एस-स्तंभ उत्तम, पण मुळात तो देवनागरी अंक ओळखत नाही. अंक त्याला शिकवता येतात. मला मात्र उलटा मार्ग जास्त पसंत पडला. फाइलमध्ये अंक इंग्रजीच (1, 2, 3) ठेवायचे आणि फाँटला टेककिट मॅपिंग (एका चिन्हाऐवजी दुसरं छापायची तालिका) लावायचं, म्हणजे छापताना ते देवनागरी दिसतात. एसआययुनिटएक्सला अंक गणिती फाँटमधून न घेता मजकुराच्या फाँटमधून घ्यायला सांगावं लागतं, नाहीतर मॅपिंग लागूच होत नाही. फायदा असा की तक्त्याचा विदा जसाच्या तसा राहतो, क्रम लावता येतो, तपासता येतो. उणे चिन्ह म्हणून हायफन टाइप केलेले होते, ते खऱ्या उणे चिन्हात बदलले. तेजस्वितेच्या तक्त्यात ते चिन्ह पुसट होऊन चालणार नाही, उणे आणि अधिक यांतला फरक म्हणजे सारा अर्थ.

आडव्या रेषांना वेलांट्या चिकटत होत्या. एक्स्ट्रा-रो-हाइट २ पॉइंट दिली, उभ्या रेषा काढल्या, आडव्या बुकटॅब्ज पॅकेजच्या. अरुंद स्तंभांत मजकूर डावीकडून सरळ आणि उजवीकडे मोकळा. तिथे दोन्ही बाजू सारख्या करायचा अट्टहास नको. आणि झीटेक परिच्छेदाचा पहिला शब्द तोडत नाही, तक्त्याचा प्रत्येक चौकोन हा परिच्छेदच, त्यामुळे एकशब्दी चौकोन बाहेर जात होते. आधी शून्य रुंदीची जागा दिली की तो शब्द तुटतो.

२८ जून

तारकानकाशे भलतीकडे. प्रकरणातला एक नकाशा आणि त्याच्या मागचे सगळे शेवटी ढकलले गेले. लाटेक आकृत्यांचा क्रम बदलत नाही. एक अडली की तिच्या मागच्या सगळ्या रांगेत. अडलेली शोधली. तिची उंची मथळ्यासह ३५० पॉइंट. पानाच्या वरच्या भागात आकृत्यांना मिळणारा जास्तीत जास्त वाटा, टॉपफ्रॅक्शन, ०.७ असतो, म्हणजे ४८० पैकी ३३६. मावत नाही. आणि आकृतीला परवानगी फक्त 'इथे किंवा वर' अशी दिलेली, स्वतंत्र पानाची नाही. म्हणजे कुठेच जाता येत नाही, प्रकरण संपेपर्यंत थांबायचं.

टॉपफ्रॅक्शन ०.८५, टेक्स्टफ्रॅक्शन ०.१, आणि सगळ्या आकृत्यांना स्वतंत्र पानाचीही परवानगी. फ्लोटपेजफ्रॅक्शन ०.५ होता, त्यामुळे आता अर्ध्या पानाची आकृती एकटीच पानभर बसायला लागली, तो ०.८ केला. हा आकडा टॉपफ्रॅक्शनपेक्षा थोडा कमी ठेवायचा. जास्त ठेवला तर मधल्या उंचीच्या आकृतीला ना वर जागा ना स्वतंत्र पान, म्हणजे तोच प्रश्न पुन्हा.

'इथेच' म्हणून सक्ती करणारा पर्याय कुठेही वापरला नाही. मजकूर पाच शब्दांनी वाढला की तो पानाच्या तळाशी मोठं भगदाड पाडतो. विभाग संपताना फ्लोट-बॅरियर (आकृत्यांना त्यापुढे जाऊ न देणारी आज्ञा) ठेवला, एवढं बंधन पुरेसं आहे.

नकाशांतली नावं मुख्य फाँटमध्ये आणि नकाशे शेवटच्या रुंदीलाच काढलेले. आकार नंतर बदलला की अक्षरांची जाडी मजकुराशी जुळत नाही.

४ जुलै

किरकोळ. अनुक्रमणिकेत '१०.१२' हा आकडा शीर्षकावर चढत होता. बुक क्लास त्यासाठी २.३ एमच ठेवतो आणि देवनागरी अंक रुंद आहेत. अनुक्रमणिकेच्या टोकलॉफ्ट पॅकेजने ३.२ केलं. पानाच्या आकड्यांची जागाही वाढवली. शीर्षपट्टीच्या फॅन्सीहेडर पॅकेजने हेडहाइट (पट्टीची उंची) कमी असल्याचं सांगितलं, त्याने सांगितली तेवढी दिली आणि टॉपमार्जिन तेवढाच कमी केला.

९ जुलै

विषयसूची. इथे दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले होते.

पानांचे आकडे देवनागरी आहेत, त्यामुळे सूचीच्या कच्च्या फाइलमध्येही ते देवनागरीच उतरतात. सूची लावणाऱ्या मेकइंडेक्स या कार्यक्रमाला पानाचा आकडा अरबी (1, 2, 3), रोमन (i, ii, iii) किंवा अक्षर एवढाच कळतो, बाकी तो नाकारतो. त्यामुळे पानाचा क्रमांक आतून 1, 2, 3 अशा अंकांतच ठेवला, आणि पानाच्या शीर्षपट्टीत, अनुक्रमणिकेत आणि सूचीत २४ जूनचंच मॅपिंग असलेला फाँट लावला. '४५–४७' अशा सलग पानांची जोडणीही त्यामुळे आपोआप होते.

आता क्रम. मेकइंडेक्स संकेतांच्या क्रमाने लावतो आणि तो आपल्या वर्णमालेचा क्रम नाही. संकेतांत ळ हा ल च्या लगेच नंतर आणि व च्या आधी येतो. आपल्याकडे तो ह नंतर. त्यामुळे 'काळ' हा 'कावळा'च्या आधी जाऊन बसतो. 'क्षितिज' क मध्ये 'कौ' संपल्यावर, 'ज्ञान' ज मध्ये. वाचणारा त्यांना शेवटी शोधणार. अनुस्वाराचा संकेत सगळ्या अक्षरांच्या आधीचा, म्हणून 'अंतर' 'अक्ष'च्या आधी येतं. हा क्रम मात्र कोशांमधून ओळखीचा आहे, तो तसाच ठेवला.

अपमेन्डेक्स हा आयसीयूच्या (भाषांचे वर्णक्रम ठेवणाऱ्या युनिकोडच्या संग्रहाच्या) क्रमाने लावणारा कार्यक्रम आहे आणि देवनागरी त्याला येते. पण ही सूची लहान आहे आणि लेखकाचे काही आग्रह आहेत (संस्कृत नावांतला विसर्ग दुर्लक्षून क्रम हवा), म्हणून प्रत्येक नोंदीला क्रमासाठी वेगळी किल्ली देणारी स्क्रिप्ट लिहिली. क्ष, ज्ञ आणि ळ यांच्या जागी ह नंतरच्या कल्पित संकेतांची मांडणी, विसर्ग गाळलेला. छापायचा शब्द आणि क्रमाची किल्ली मेकइंडेक्समध्ये वेगवेगळी देता येतात, त्यामुळे बाकी काही बदलावं लागलं नाही. ५ जूनची सफाई झालेली असल्यामुळे दुहेरी नोंद एकही आली नाही.

१४ जुलै

मजकूर गोठवला, हे संपादकांकडून लेखी घेतलं. आता पानं एकेक करून. त्याआधी हे करण्यात अर्थ नव्हता, एका दुरुस्तीने सगळं पुन्हा हललं असतं.

परिच्छेदाची पहिली ओळ पानाच्या तळाशी एकटी किंवा शेवटची ओळ पुढच्या पानाच्या डोक्यावर एकटी नको, म्हणून क्लबपेनल्टी आणि विडोपेनल्टी १५० वरून १००००. ओळींची जाळी पक्की आहे, ताण कुठेच नाही, त्यामुळे टेक एकटी ओळ टाळतं पण पान एका ओळीने आखूड राहतं. ट्रेसिंगपेजेस चालू करून पाहिलं की कारण सरळ वाचता येतं. प्रत्येक संभाव्य तोडीला एक ओळ: टी म्हणजे आतापर्यंत भरलेलं, जी म्हणजे गाठायचं, बी बॅडनेस, पी दंड, सी एकूण किंमत. एका पानावर टी ४६२, जी ४८०, बी १००००. पुढची तोड, जिथे टी बरोबर ४८० झाला असता, यादीत दिसतच नाही, कारण १०००० दंडाच्या तोडीचा टेक विचारच करत नाही. नेमकी हवी ती तोड निषिद्ध.

टेक परिच्छेद सबंध तोलतं, पण पानं एकेकच तोडतं, पुढचं पान बघून मागचं बदलत नाही. तिथे माणसाला बसावंच लागतं. आधीच्या पानांत असा परिच्छेद शोधायचा ज्याची शेवटची ओळ एक-दोन शब्दांची आहे. त्याला लूजनेस उणे १ दिला की तो एका ओळीने कमी होतो. किंवा शेवटची ओळ काठोकाठ भरलेला परिच्छेद शोधून लूजनेस १. टॉलरन्समध्ये बसत नसेल तर टेक ही विनंती मानत नाही आणि तसं कळवतही नाही, म्हणून दिल्यावर पान पाहायचंच. कुठेच जमलं नाही तर समोरासमोरची दोन्ही पानं एन्लार्ज-धिस-पेजने एका ओळीने आखूड. एकच पान आखूड केलं तर उघडल्यावर लगेच कळतं, दोन्ही केली तर सहसा कळत नाही.

हे काम प्रकरणाच्या सुरुवातीपासून क्रमानेच करायचं, मागून पुढे येऊन नाही. मला या टप्प्यात फार समाधान मिळतं. पान हातात घेऊन वाचणाऱ्याला इथे काही केलंय याचा पत्ताही लागू नये, यासाठीच ते करायचं.

१७ जुलै

लांब तळटीप दोन पानांत फुटली होती. इंटर-फूटनोट-लाइन-पेनल्टी १०० असते, ती १०००० केली की टीप फुटत नाही, पण मग मजकुराची ओळ पुढे जाते आणि पान आखूड. लेखकाने टीप दोन वाक्यांनी कमी केली. सगळ्यात चांगला उपाय तोच होता.

२१ जुलै

पीडीएफ तपासणी. फाँट सगळे अंतर्भूत. शोध मात्र फसत होता: 'निरीक्षण' कॉपी केलं की वेलांटी आणि अक्षरांचा क्रम विस्कटत होता, कारण पीडीएफमध्ये चिन्हं दिसण्याच्या क्रमाने असतात. झीटेक-जनरेट-ॲक्च्युअल-टेक्स्ट १ केलं, आता मूळ मजकूर सोबत जातो आणि शोध लागतो. पडद्यावर वाचणाऱ्यांसाठी ही कळ नेहमीच चालू असायला हवी. या कळीने पानं हलतात का हे आधीच्या प्रतीशी ताडून पाहिलं, हलली नाहीत.

काळ्या पार्श्वभूमीचे नकाशे पानाच्या काठापर्यंत जातात, त्यांना चारही बाजूंना ३ मिलिमीटर जास्तीची कड दिली. त्यांतली पांढरी अक्षरं ठळक केली, छापताना शाई पसरली तर बारीक मात्रा बुजतात.

छपाईचा नमुना मागवलाय. तो आला की पहिल्यांदा मधल्या पानांचा आतला समास मोजायचा. बांधणीत किती जातं त्यावरून तो २ मिलिमीटरने वाढवायचा की नाही ते ठरवू. वाढवला तर बाहेरचा तेवढाच कमी करायचा, ओळीची रुंदी बदलायची नाही.